शिवणयंत्रावरची धारेची चाकी



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर काही भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांनी विचारले, "गुरुजी, शिलाई मशीनवर बसवायची धारेची चाकी मिळते म्हणे. घरच्या घरी कातरीला धार लावता येते. घ्यावी का आम्ही?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. हो म्हणावे, तर याच चाकीने आम्ही एका कष्टाळू बाईची कातर बिघडवली आहे. नको म्हणावे, तर तीच चाकी आज त्याच बाईच्या घरी उपयोगी पडते आहे. म्हणून आज सगळी हकीकत सांगतो. ती ऐका आणि मग तुमचे तुम्ही ठरवा.

आधी ही चाकी म्हणजे काय ते पाहू.

पायाने चालवायचे शिवणयंत्र तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. खाली पायडल असते. पायडल मारले की बाजूचे मोठे चाक फिरते. मोठ्या चाकावरून एक वादी वर जाते. ती वादी वरचे लहान चाक फिरवते. त्याला आपण हातचाक म्हणतो. हातचाक फिरले की सुई खालीवर होते.

आता बॉबिन भरताना आपण काय करतो? हातचाकाच्या मधोमध एक मोठा स्क्रू असतो. तो सैल करतो. मग हातचाक मोकळे फिरते, पण सुई हालत नाही. बॉबिनच्या दांडीवर रबराची लहान चकती असते. ती चकती हातचाकाला टेकवली की बॉबिन गरगर फिरते.

धारेच्या चाकीची युक्ती हीच आहे. एक आखूड दांडी असते. दांडीच्या एका टोकाला रबराची चकती आणि दुसऱ्या टोकाला लहानसा गोल दगड. ही दांडी पकडीने मशीनला घट्ट बसवायची. रबराची चकती हातचाकाला टेकवायची. पायडल मारले की दगड फिरू लागतो. वीज लागत नाही आणि दुसरा माणूसही लागत नाही. पाय मशीन चालवतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

दगड किती वेगाने फिरतो, याचा हिशेब करून पाहा. समजा, खालचे मोठे चाक वरच्या खोबणीच्या चौपट आहे. मग ते एकदा फिरले की हातचाक चारदा फिरते. समजा, हातचाकाची कडही रबराच्या चकतीच्या चौपट आहे. मग हातचाकाच्या एका फेऱ्यात दगड चारदा फिरतो. चार चोक सोळा. म्हणजे पायडल एकदा मारले की दगडाचे सोळा फेरे. मिनिटाला साठ वेळा पायडल मारले, तर साठ गुणिले सोळा, म्हणजे ९६० फेरे झाले! पाय सावकाश चालतो, पण दगड सावकाश चालत नाही. हे विसरू नका. आम्ही विसरलो होतो.

आता दगडाविषयी थोडे. पोलाद घासायला पोलादाहून कठीण वस्तू लागते. आपल्याकडे फार पूर्वीपासून कुरुंदाचा दगड माहीत आहे. कुरुंदाची भुकटी लाखेत मिसळून आपले कारागीर धारेची चाके करीत असत. तमिळ भाषेत या दगडाला कुरुंदम् म्हणतात. तोच शब्द पुढे परदेशी गेला आणि इंग्रजीत कोरंडम झाला. नंतर १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन नावाच्या गृहस्थांना विजेच्या भट्टीत एक नवा कठीण पदार्थ सापडला. त्याला कार्बोरंडम म्हणतात. तो आज वाळू आणि कोळसा भट्टीत तापवून करतात. बाजारातले पुष्कळ धारेचे दगड या दोहोंपैकी एका पदार्थाचे असतात. या दगडात बारीक, टोकदार कण असतात. प्रत्येक कण पोलादाचा थोडा थोडा कीस काढतो. दगड म्हणजे हजार दातांची कानसच म्हणा ना.

आता आमची हकीकत सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. जून महिना होता आणि शाळा उघडणार होत्या. आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. यजमान वारले तेव्हापासून शिवणकामावर त्यांनी घर चालवले. त्या साली त्यांच्याकडे ३५ मुलांचे गणवेश शिवायला आले होते. वर्षातली मोठी कमाई याच महिन्यात होते.

वहिनींकडे चांगली कातर एकच होती. चांगली दहा इंची, जड, पोलादी. पण ती बोथट झाली होती. दरवर्षी सायकलवर धार लावणारा माणूस गावात यायचा. त्या साली तो आलाच नाही. जाड टेरीकॉट कापायचे म्हणजे ताकद लावावी लागे. वहिनींच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. मनगट सुजले होते. रात्री हळदीचा लेप लावून त्या मनगट बांधून ठेवीत.

त्याच सुमारास आम्ही शहरातून आमच्या घरच्या मशीनसाठी ही धारेची चाकी आणली होती. नवी वस्तू हाती आली की माणसाला दम निघत नाही. आम्ही वहिनींना म्हटले, "द्या ती कातर इकडे. अर्ध्या तासात वस्तऱ्यासारखी करून देतो."

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी घरच्या एखाद्या जुन्या सुरीवर हात बसवा." आम्ही ऐकले नाही. इतकी वर्षे शाळा चालवली, एवढे येणार नाही का आम्हाला?

चाकी बसवली. पायडल मारायला सुरुवात केली. ठिणग्या उडू लागल्या. गल्लीतली मुले भोवती जमली. मग तर आम्हाला आणखी चेव आला. पाते बाहेरून घासले. मग आतून घासले. आम्हाला वाटले, जेवढे चकचकीत तेवढे धारदार. टोक बोथट वाटले, म्हणून ते दगडावर दाबून धरले. थोड्या वेळाने टोकाशी निळसर डाग दिसला. आम्ही तो फडक्याने पुसला. तो काही निघाला नाही.

कातर दिसायला नव्यासारखी झाली. वहिनी आनंदाने घेऊन गेल्या. तासाभराने परत आल्या. हातात कातर होती आणि एका सदऱ्याचा पुढचा भाग होता. कापड कापलेच गेले नव्हते. ते दोन पात्यांच्या मध्ये शिरून दुमडले होते आणि चावल्यासारखे फाटले होते.

आमचे तोंड उतरले. कापड दुसऱ्याचे होते. ते वहिनींना पदरचे पैसे घालून भरून द्यावे लागणार होते. कातर गेली ती वेगळीच. आम्ही काहीतरी पुटपुटलो, "चाकीच बरी दिसत नाही." नाचता येईना अंगण वाकडे, त्यातली गत!

वहिनी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "असू द्या गुरुजी. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "या चाकीबरोबर काही कागद आला नव्हता का?"

कागद आला होता. आम्ही तो खोक्यासकट कपाटावर टाकला होता. काढून दिला. त्यात इतर भाषांबरोबर मराठीतही मजकूर होता. फार नव्हता, आठदहा ओळी होत्या. वहिनी आदल्या हिवाळ्यात याच वर्गात येऊन वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी कागद उजेडात धरला. अक्षरांखाली बोट धरून त्या सावकाश वाचू लागल्या.

"का-त-री-ची... आ-त-ली... बा-जू... घा-सू... न-ये."

मंडळी, त्या क्षणी आम्हाला काय वाटले ते कसे सांगावे? आम्ही जन्मभर मुलांना सांगत आलो, "आधी धडा वाचा, मग उत्तर लिहा." आणि आमच्यापुढे आठदहा ओळींचा धडा होता, तो आम्ही वाचला नाही. तो वाचला कोणी? तर आमच्याकडेच नुकतीच मुळाक्षरे शिकलेल्या बाईने.

त्या दिवशी सौभाग्यवतींनी आपली कातर वहिनींना दिली. ती लहान होती, पण काम सुरू झाले. दोघींनी मिळून रात्री जागवल्या. तरी गणवेशांना तीन दिवस उशीर झालाच. दोन घरांनी आपले कापड परत नेले. ते नुकसान आमच्यामुळे झाले. ते काही आम्हाला भरून देता आले नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही वहिनींबरोबर तालुक्याच्या गावी गेलो. तिथे एक म्हातारे शिकलगार बसतात. त्यांना कातर दाखवली. त्यांनी ती उघडली, मिटली, उजेडाकडे धरून पाहिली. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "आतली पोकळी कुणी खाल्ली हिची?"

आम्ही म्हटले, "आम्हीच."

म्हातारबाबा हसले. मग त्यांनी आपल्याजवळची एक चांगली कातर मिटवून आमच्या डोळ्यांसमोर धरली. "बघा गुरुजी, दोन पात्यांच्या मधून उजेड दिसतो का?"

खरेच, बारीकशी फट दिसत होती. पाती फक्त खिळ्यापाशी आणि टोकापाशी एकमेकांना लागत होती. मध्ये किंचित पोकळी होती.

ते म्हणाले, "पातं आतून जरा खोलगट ठेवलेलं असतं. कातर मिटताना दोन धारा एकाच जागी भेटतात. ती जागा खिळ्यापासून टोकाकडं सरकत जाते. तिथंच कापड कापलं जातं. आतून घासून पातं सपाट केलं, धार गोल केली, की धारा भेटत नाहीत. मग कापड मध्ये शिरतं. कातर धारेनं कापते, पण चालते आतल्या पोकळीनं."

आम्ही निळ्या डागाविषयी विचारले. ते म्हणाले, "पाणी उतरलं तिचं."

याचा अर्थ तुम्हांपैकी लोहारकाम जाणणाऱ्यांना ठाऊक आहे. पोलाद तापवून एकदम थंड करतात. त्याला पाणी देणे म्हणतात. त्यामुळे पोलाद कठीण होते. मग त्याचा ठिसूळपणा जावा म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. पण तयार पाते नंतर कधी घासून फार तापले, तर त्याचा कठीणपणा जातो. पोलाद आधी पिवळसर होते, मग तपकिरी, मग निळे. निळे झाले म्हणजे तेवढा भाग मऊ पडला समजा. त्याला कितीही धार लावा, ती टिकत नाही.

म्हातारबाबांनी निळे टोक घासून काढून टाकले. पाती आतून पुन्हा खोलगट केली. खिळा बसवला. या कामात त्यांचे दोन तास गेले. कातर अर्ध्या इंचाने आखूड झाली, पण कापू लागली. मजुरी वहिनी देऊ लागल्या. आम्ही ती देऊ दिली नाही.

मग आम्ही तिथेच बसून त्यांच्याकडून धार लावायची रीत शिकून घेतली. शिकायला वय आड येत नाही, असे आम्ही तुम्हांला सांगतो ना? मग आम्हाला तरी ते का आड यावे? ती रीत आता तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट, तयारी. हातचाकाचा मधला स्क्रू सैल करा, म्हणजे सुई चालणार नाही. वरचा दोरा काढून ठेवा. मशीनवर जुने जाड फडके घाला, पण ते फिरत्या चाकात अडकणार नाही असे खोचा. दगडाची आणि लोखंडाची पूड फार वाईट असते. ती मशीनच्या तेलात गेली, की तेलाचे मलम होते आणि ते मशीनच्या आतल्या भागांनाच घासू लागते. कातर सुधारायला जावे आणि मशीन बिघडावे, असे व्हायला नको. काम झाल्यावर आधी पूड पुसून काढा. मशीनला तेल नंतर द्या.

दुसरी गोष्ट, दगड तपासा. दगड दांडीवरून सुटा करा, बोटावर अडकवा आणि लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला. बद्द आवाज आला तर आत चीर असेल. तो दगड वापरू नका. चिरलेला दगड फिरताना फुटला, तर तुकडा डोळ्यांत जाईल.

तिसरी गोष्ट, डोळे सांभाळा. चष्मा लावा. साधा चष्मा नसेल, तर कारखान्यात वापरतात तसा संरक्षणाचा चष्मा मिळतो, तो घ्या. पदर खोचा. केस बांधा. मुलांना लांब बसवा. आम्ही मुले भोवती जमू दिली, ती आमची आणखी एक चूक.

चौथी गोष्ट, काजळाची खूण. ही युक्ती ध्यानात ठेवा. कातरीच्या पात्याला बाहेरच्या बाजूने, अगदी कडेला, एक अरुंद उतार असतो. धार लावायची ती या उतारावरच. उतारावर काजळ लावा. दगडाला पाते एकदाच हलके टेकवून पाहा. काजळ सगळ्या रुंदीभर पुसले गेले, तर हात बरोबर आहे. नुसते वरच्या किंवा खालच्या कडेचे पुसले गेले, तर हात थोडा वळवा. जुना उतार आहे तोच ठेवायचा. आपल्या मनाने नवा करायचा नाही.

पाचवी गोष्ट, हात चालता ठेवा. खिळ्यापासून टोकापर्यंत पाते एका दमात दगडावरून ओढा. मध्ये थांबू नका, दाबू नका. टोकापाशी तर मुळीच रेंगाळू नका, कारण टोक पातळ असते आणि लवकर तापते. शेजारी पाण्याची वाटी ठेवा. दोन वेळा ओढले की पाते पाण्यात बुडवा. पाते बोटाला गरम लागले, तर थांबा. पायडल सावकाश मारा. मशीनला विजेची मोटार असेल, तर शिकताना ती लावू नका. तिचा वेग पायासारखा ताब्यात राहत नाही.

सहावी गोष्ट, आतली बाजू. ती चाकीवर कधीही धरायची नाही. बाहेरून धार लावली, की आतल्या कडेला लोखंडाची बारीक कूस उभी राहते. ती काढण्यासाठी पात्याची आतली बाजू बारीक धारेच्या दगडावर सपाट ठेवा आणि एकदाच हलकी फिरवा. मग कातर पुसून खिळ्यात तेलाचा एक थेंब सोडा.

शेवटी परीक्षा. मलमलीची ओली चिंधी घ्या आणि ती टोकाने कापून पाहा. टोकापर्यंत सरळ कापली गेली, तर कातर पास!

आणखी एक सांगायचे राहिले. नागमोडी दातांची कातर असते, तिला या चाकीवर धार लावू नका. विळा आणि कोयता यांनाही ही चाकी पुरी पडत नाही. त्यांच्यासाठी आपला नेहमीचा दगड बरा. घरातली सुरी मात्र लावता येते, पण तिची रीत वेगळी. बहुतेक सुऱ्यांना दोन्ही बाजूंनी सारखी धार लावायची असते. कातरीला तसे करायचे नाही. आमचा घोटाळा झाला तो इथेच.

आता तुम्ही म्हणाल, घरोघर चाकी आली तर त्या शिकलगार बाबांनी काय खायचे? आम्हीही त्यांना हेच विचारले. ते म्हणाले, "माझं पोट या चाकीनं मारलं नाही गुरुजी. स्वस्तातल्या कातरी आल्या. बोथट झाली की टाका, दुसरी घ्या. त्यांनी मारलं. चाकीनं धार लावणारा माणूस निदान कातर जपतो तरी. आणि बिघडली की आणतो माझ्याकडंच!" असे म्हणून ते आमच्याकडे पाहून पुन्हा हसले.

त्यांचे बोलणे ऐकून आम्हाला गांधीजींची आठवण झाली. यंत्रांच्या हव्यासाला गांधीजींचा विरोध होता, हे तुम्ही ऐकले असेल. पण १९२४ साली एका विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. सिंगर यांनी अमेरिकेत १८५१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून त्यांनी ते केले, असे गांधीजींनी त्या वेळी सांगितले. माणसाला बेकार करणारे यंत्र गांधीजींना नको होते. माणसाचे कष्ट हलके करणाऱ्या यंत्राला त्यांची ना नव्हती. आपणही तसेच पाहावे. बोथटलेल्या धारेवर चार हात फिरवायचे, ते घरी फिरवावे. खिळा ढिला झाला, पाते वाकले, टोक तुटले, तर ते काम कारागिराचे आहे. ते त्याच्याकडे न्यावे आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

आता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. चाकी घ्यावी का? तुमच्याकडे पायाचे मशीन असेल, कातर चांगल्या पोलादाची असेल आणि दोन-चार दिवस जुन्या सुरीवर हात बसवायची तयारी असेल, तर जरूर घ्या. चार घरांत मिळून एक घेतली तरी चालेल. पी हळद आणि हो गोरी, असे मात्र होणार नाही.

आमची चाकी आम्ही वहिनींना देऊन टाकली. त्यांनी तो कागद खळीने मशीनच्या लाकडी झाकणाला आतून चिकटवला आहे. झाकण उघडले की आधी कागद दिसतो. आता त्या तो बोट न धरता वाचतात. आमच्या सौभाग्यवतींची कातरही त्याच लावून देतात. आम्हाला हात लावू देत नाहीत!

पुढच्या शनिवारी वहिनी चाकी घेऊन वर्गावर येणार आहेत. त्या करून दाखवतील आणि तो कागद आपण सर्वांनी मोठ्याने वाचायचा. येताना घरातली एकेक जुनी सुरी आणा. चांगली कातर आणू नका.

एवढे सांगून आम्ही आमचे बोलणे पुरे करतो. नमस्कार.